चीक

एकशे बारावा दिवस.
दूध बाजारातून जायचं नाही असं ठरवलंय,
म्हणून भद्रकालीला वळसा घालून
स्कूटर मेन रोडच्या गर्दीत अडकवतो.
तरी कुठूनतरी आटत्या कढईचा वास येतोच,
ओळखीच्या माणसाने मागून हाक मारावी तसा.
नदीच्या नावातच गाय आहे.
या गावात पळून जाणार कुठे?

मिसळीच्या दुकानात म्हणालो, दही नको.
मालकाने विचारलं, सर्दी झाली का?
हो म्हणालो.
सर्दी सांगायला सोपी असते.

सासूबाईंना व्हीगन हा शब्द जमत नाही,
त्या विघ्न म्हणतात.
'आमचे जावई विघ्न झालेत,'
चहा गाळता गाळता पाहुण्यांना सांगतात.
तसं चुकीचंही नाही.
घरात दोन पातेली झाली, दोन गाळण्या,
आणि कुमुद माझा कोरा चहा
जरा लांबच ठेवते, सुतकातल्यासारखा.

लोकांना वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं असणार.
अठरा वर्षं मी दिंडोरी रस्त्याच्या संकलन केंद्रावर
फॅट मोजली. सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट पाच.
एका पहाटे वाद नको म्हणून
स्वतःच गेलो गोठ्यावर, नमुना घ्यायला.
म्हैस पुढ्यातलं पारडू चाटत होती.
चाटून चाटून त्याच्या पाठीवरचे केस गेलेले.
ते हललं नाही.
पोटाच्या शिवणीतून भुसा डोकावत होता.
तिने पान्हा सोडला.
मी नमुना घेतला. सहा पॉइंट आठ.
चांगली लागलीय, असंही म्हणालो.

आणि आज मखमलाबादहून
मावसभावाने किटली पाठवली.
गाय व्यायली. पहिल्या दिवसाचा चीक.
कुमुदने गूळ विरघळवला, जायफळ किसलं,
कुकरची शिट्टी काढून ठेवली
आणि मी गॅलरीत जाऊन
कुंडीतल्या तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.

खरवस.
शब्द लिहितानाही तोंडाला पाणी सुटतं
आणि मला त्याची लाज वाटत नाही.
म्हणजे वाटते,
पण पाणी आधी सुटतं.
सुरी जरा अडते, मग वडी सोडून देते,
आतून जाळीदार, कडेला गुळाचा ओला डाग,
ज्याच्यासाठी ते होतं
तो बाहेर दाव्याला बांधलेला.
हे सगळं मला ठाऊक आहे.
जिभेला नाही.

रात्री दोन वाजता फ्रीज उघडला.
त्या पिवळ्या उजेडात झाकलेली बशी.
माझ्या वाटणीच्या दोन वड्या तिने वेगळ्या ठेवल्या होत्या,
काही न बोलता.
हा टोमणा की माया,
एकवीस वर्षांनंतरही कळत नाही.
एका वडीचा कोपरा तुटलेला होता.
मी तोडला नव्हता.
तोडला होता.

मग अंधारात बसून राहिलो.
अठरा वर्षं दशांश चिन्हं लिहिणारा माणूस,
एका कोपऱ्याची नोंद
कुठल्या रकान्यात करायची, सुचेना.
उद्या एकशे तेरा लिहायचे
की एक?

सकाळी गच्चीवरून कुमुदची हाक,
'चीक झालाय, खाताय का?'
मी दचकलोच.
गच्चीवर कुरडयांचा घाट.
तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास,
शेजारच्या वैजयंताबाई साच्यावर वाकलेल्या,
आणि मोठ्या पातेल्यात रटरटणारा
गव्हाचा चीक.
एकाच शब्दात दोन वासरं बांधावीत
असं ज्याला सुचलं
त्याला बहुधा भूक लागली असावी.

कुमुदने वाटीत एक गोळा घातला,
तुपाची बरणी उचलली,
माझ्याकडे पाहिलं,
खाली ठेवली.
वरून शेंगदाण्याचं तेल सोडलं, मीठ भुरभुरलं.

खरवसासारखा लागत नाही तो.
मुळीच नाही.
जीभ भाजली.
अजून थोडा वाढ, म्हणालो.

खाली फ्रीजमध्ये
पावणेदोन वड्या आहेत.